सीईटीचा पर्सेंटाइल आला. आता कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायचा कसा

एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाच्या स्कोअरकार्डवर चार आकडे असतात: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि एकूण. प्रत्येक आकड्याच्या दशांश चिन्हापुढे सात अंक. हे मार्क नाहीत आणि टक्केही नाहीत. तरी निकालाच्या संध्याकाळी घराघरांत पहिला प्रश्न येतो तो "किती पडले?" हाच, आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. इंजिनिअरिंगचा प्रवेश कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, या रांगेवर होतो. ऑप्शन फॉर्म म्हणजे त्यात आपल्या पसंतीची कॉलेजं क्रमाने भरायची यादी. त्यामुळे आधी रांग समजून घ्यायची आणि मगच कॉलेजांची नावं काढायची.

आकडा कुठून येतो

पीसीएमच्या पेपरात मॅथ्सचे ५० प्रश्न प्रत्येकी २ मार्कांचे, आणि फिजिक्स व केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न १ मार्काचे. एकूण २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, रोज सकाळ-दुपार अशा सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. एखादा पेपर सोपा जातो, एखादा अवघड. म्हणून एका सत्रातल्या मार्कांची तुलना दुसऱ्या सत्रातल्या मार्कांशी थेट करत नाहीत. तुमची तुलना फक्त तुमच्या सत्रात बसलेल्यांशी होते.

हिशोब साधा आहे. तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी मार्क मिळवणारे तुमच्या सत्रात किती, भागिले त्या सत्रात बसलेले एकूण किती, गुणिले १००. समजा, सोप्या गेलेल्या सत्रात १५,००० मुलं बसली आणि १४२ किंवा त्याहून कमी मार्क मिळवणारी १४,३२५ निघाली. मग १४२ मार्कांना तिथे ९५.५ पर्सेंटाइल. अवघड सत्रात १२,००० बसली आणि १४२ पर्यंतची ११,६४० निघाली, तर त्याच १४२ ला ९७. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे "इतके मार्क म्हणजे इतके पर्सेंटाइल" असले तक्ते म्हणूनच फार मनावर घेऊ नयेत. ते कुठल्या सत्राचे आहेत हे बहुधा तक्ता बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्रत्येक सत्रात सर्वाधिक मार्क मिळवणाऱ्याचा पर्सेंटाइल याच सूत्राने १०० येतो, मग ते मार्क १९८ असोत की १८१. दरवर्षी १०० पर्सेंटाइलवाले बरेच दिसतात, त्याचं कारण हेच.

आणखी एक गोष्ट इथेच नीट बघून घ्या. एकूण पर्सेंटाइल ही तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते. फिजिक्स ९६, केमिस्ट्री ९८, मॅथ्स ९० असेल तर सरासरी ९४.६७ येते, पण स्कोअरकार्डवर एकूण वेगळं दिसतं आणि मग "चूक झालीय, तक्रार करू" अशी धावपळ सुरू होते. चूक नसते. एकूण पर्सेंटाइल काढताना २०० पैकीचे मूळ मार्क घेऊन पुन्हा नव्याने रांग लावतात. त्या २०० पैकी १०० मार्क एकट्या मॅथ्सचे, म्हणून मॅथ्स वर गेला की एकूण वर ओढलं जातं आणि मॅथ्स घसरला की केमिस्ट्रीचे ९८ फारसे कामाला येत नाहीत.

ज्यांनी पीसीएम आणि पीसीबी (मॅथ्सऐवजी बायोलॉजी) दोन्ही गट दिलेत त्यांचे दोन स्वतंत्र स्कोअर असतात. इंजिनिअरिंगला पीसीएमचाच चालतो. पीसीबीचा ९९ इथे उपयोगाचा नाही. तो फार्मसीसाठी जपून ठेवा.

पर्सेंटाइलचा मेरिट नंबर करून बघा

कॉलेजं शोधण्याआधी हे पाच मिनिटांचं काम करा. शंभरातून तुमचा पर्सेंटाइल वजा करा, उरलेल्या टक्क्यांनी त्या वर्षी त्या गटात बसलेल्या मुलांच्या संख्येला गुणा. जो आकडा येईल तेवढी मुलं साधारण तुमच्या पुढे आहेत.

२०२४ मध्ये पीसीएमला सुमारे २ लाख ९५ हजार मुलं बसली होती. २०२५ मध्ये हीच संख्या सुमारे ४ लाख २२ हजारांवर गेली. आता ९८ पर्सेंटाइल घ्या. २०२४ मध्ये पुढे साधारण ५,९०० जण. २०२५ मध्ये साधारण ८,४४०. पर्सेंटाइल तोच, पण रांगेत अडीच हजारांनी मागे. उलटं करून बघा: ५,९०० व्या जागेवरच्या मुलाला २०२४ मध्ये ९८ मिळाले, तर २०२५ मध्ये त्याच जागेवरच्या मुलाला ९८.६. अशा वर्षी "कटऑफ वाढला" अशी हाकाटी होते, आणि मुलं हातचं कॉलेज यादीतूनच काढून टाकतात. प्रत्यक्षात कॉलेज पूर्वीइतक्याच मुलांना घेत असतं, रांग मागच्या बाजूने लांबलेली असते.

म्हणून मागच्या वर्षीच्या कटऑफशी तुलना करताना पर्सेंटाइलऐवजी मेरिट नंबर धरावा. फक्त त्या कॉलेजात, त्या ब्रँचला जागा वाढल्या-घटल्या आहेत का तेवढं बघा. ६० च्या १२० झाल्या असतील तर शेवटचा नंबर बराच खाली सरकतो.

खरा मेरिट नंबर कॅपची गुणवत्ता यादी लागल्यावरच कळतो. तो वरच्या अंदाजापेक्षा सहसा बरा असतो, कारण सीईटी दिलेले सगळेच इंजिनिअरिंगच्या कॅपला नोंदणी करत नाहीत. कोणी जेईईवरून बाहेर जातं, कोणी फार्मसीकडे, कोणी पुन्हा नीटच्या तयारीला.

पर्सेंटाइल तंतोतंत सारखे निघाले तर आधी मॅथ्सचा पर्सेंटाइल बघतात, मग फिजिक्सचा, मग केमिस्ट्रीचा, आणि तिथेही बरोबरी असेल तर बारावीचे मार्क. एरवी मेरिटमध्ये बारावीला वजन नाही. पात्रतेपुरती मात्र अट आहे: बारावीच्या संबंधित तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के. सीईटीला ९७ आणि बारावीला पीसीएम ४३ टक्के असा खुल्या गटातला विद्यार्थी यादीत येतच नाही. दरवर्षी अशी काही मुलं असतात आणि त्यांना हे फार उशिरा कळतं.

नोंदणी आणि कागदपत्रं

सीईटीचा फॉर्म वेगळा आणि कॅपची नोंदणी वेगळी. सीईटी दिली म्हणून कॅपमध्ये नाव आपोआप जात नाही. कॅपच्या पोर्टलवर नोंदणी करायची, कागदपत्रं स्कॅन करून चढवायची आणि पडताळणी करून घ्यायची. ही ई-स्क्रूटिनीने घरबसल्या होते किंवा सुविधा केंद्रावर जाऊन. ई-स्क्रूटिनी निवडली असेल तर रोज लॉगिन करा. कागद अस्पष्ट असेल तर अर्ज शेरा मारून परत पाठवतात, आणि तो मुदतीत दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही तर तिथेच पडून राहतो. मेसेज येईल म्हणून वाट बघत बसू नका.

राखीव प्रवर्गात सगळ्यात जास्त घात होतो तो दोन कागदांमुळे. पहिला, जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला असला तरी वैधता वेगळी लागते आणि ती समितीकडून यायला वेळ लागतो, म्हणून अर्ज अकरावीतच टाकलेला बरा. दुसरा, नॉन-क्रीमी लेअर. ओबीसी, व्हीजे-एनटी, एसबीसी आणि एसईबीसी यांना तो लागतो, एससी-एसटीला नाही. त्यावरची "वैध" तारीख प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत हवी. म्हणजे २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. भावाच्या किंवा बहिणीच्या वेळी काढलेला जुना चढवला की अर्ज खुल्या प्रवर्गात वर्ग होतो, आणि ओबीसीच्या यादीतला चांगला नंबर हातचा जातो. ईडब्ल्यूएस म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी दाखला महाराष्ट्र शासनाच्या नमुन्यातला लागतो. केंद्राच्या नमुन्यातला, म्हणजे जेईईसाठी काढलेला, इथे चालत नाही.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा: प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर ५ टक्के, आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. इथे जात बघत नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नोंदणीच्या वेळीच जोडा आणि फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला "हो" म्हणा. नंतर आठवून उपयोग होत नाही.

फॉर्ममध्ये जेईई मेनचा अर्ज क्रमांक विचारतात. परीक्षा दिली असेल, स्कोअर साधाच असला, तरी टाका. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात, त्या जेईईच्या मेरिटवर भरतात आणि महाराष्ट्रातल्या मुलांनाही मिळू शकतात.

होम युनिव्हर्सिटीचा घोळ

याच्यासाठी थोडं थांबायला हवं, कारण कटऑफ वाचताना सगळं इथे येऊन अडतं. बऱ्याच कॉलेजांत जागांचे दोन भाग असतात: ७० टक्के त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या मुलाचं होम युनिव्हर्सिटी ठरतं ते बारावी जिथून पास झाली त्या जिल्ह्यावरून. रेशन कार्डावरचा पत्ता किंवा वडिलांचं गाव इथे धरत नाहीत.

नाशिकचा मुलगा दोन वर्षं लातूरला राहून तिथल्या कॉलेजातून बारावी झाला, तर त्याचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक येतात, पण या मुलाला आता पुण्याच्या किंवा नाशिकच्याच कॉलेजातही बाहेरचा म्हणून धरणार. त्याने पुण्याच्या कटऑफमध्ये एच चा (होमचा) कॉलम बघून यादी केली तर सगळे अंदाज चुकणार. त्याने ओ चा (बाहेरच्यांचा) कॉलम बघायचा. उलट, नांदेड-लातूरच्या कॉलेजांत एच त्याच्या बाजूने.

कटऑफची पीडीएफ वाचायची कशी

कॅपमध्ये जागांचं वाटप फेऱ्याफेऱ्यांनी होतं. ही परीक्षा आणि प्रवेश बघणारं राज्याचं कार्यालय, म्हणजे सीईटी सेल, प्रत्येक फेरीनंतर कॉलेजवार कटऑफची पीडीएफ प्रसिद्ध करते. फाइल मोठी असते आणि पहिल्या पानावर डोकं फिरतं, पण रचना एकच असते.

वर कॉलेजचा पाच अंकी कोड, त्याखाली ब्रँचचा दहा अंकी कोड. ०१००२ हे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, अमरावती, आणि ०१००२१९११० म्हणजे तिथलं सिव्हिल: पहिले पाच अंक कॉलेजचे, पुढचे पाच कोर्सचे. कोडच्या सुरुवातीच्या दोन अंकांवरून बहुधा विभाग कळतो. ०१ अमरावती, ०२ औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, ०३ मुंबई, ०४ नागपूर, ०५ नाशिक, ०६ पुणे. एकाच संस्थेची सारख्या नावाची दोन-तीन कॉलेजं असतात, कधी एकाच शहरात. साधं "कॉम्प्युटर", त्याच्या शेजारी एआय-एमएलची जोड असलेलं "कॉम्प्युटर सायन्स", त्याखाली आणखी एखादं डेटा सायन्स, आणि प्रत्येकाचा कटऑफ वेगळा. यादी करताना नाव लिहा, पण ताळा कोडने घ्या.

ब्रँचच्या खाली तक्ता. शीर्षकात राज्यस्तरीय जागा, होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना दिलेल्या होम युनिव्हर्सिटीच्या जागा, बाहेरच्यांना दिलेल्या बाहेरच्यांच्या जागा असे भाग असतात. कधी होम युनिव्हर्सिटीच्या जागा बाहेरच्यांना दिलेल्या दिसतात. तिथे होमची मुलं संपली आणि जागा उरली. कॉलमचं नाव तीन तुकड्यांत वाचायचं. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग: ओपन, एससी, एसटी, व्हीजे, एनटी-१, २, ३, ओबीसी, एसईबीसी. शेवटी एच, ओ किंवा एस: होम, बाहेरचे, राज्यस्तर. तर जी-ओपन-एस म्हणजे सर्वांसाठी, खुला, राज्यस्तरीय. एल-ओबीसी-एच म्हणजे मुली, ओबीसी, होम युनिव्हर्सिटी. ईडब्ल्यूएस आणि टीएफडब्ल्यूएसचे कॉलम वेगळे असतात.

प्रत्येक घरात दोन आकडे: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेंटाइल. त्या कॉलममध्ये शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे हे आकडे. तुम्हाला वरचा आकडा हवा आहे.

आता तुमचे कॉलम कोणते? इथे बरेच जण स्वतःचंच नुकसान करून घेतात. ओबीसीतली, पुण्यातून बारावी झालेली मुलगी पुण्याच्या कॉलेजात फक्त एल-ओबीसी-एच मध्ये मोजली जात नाही. ती जी-ओपन-एच, एल-ओपन-एच, जी-ओबीसी-एच आणि एल-ओबीसी-एच अशा चारही कॉलमना पात्र असते. चारांपैकी सगळ्यात मागचा मेरिट नंबर जिथे आहे, तो तिचा खरा कटऑफ. आणि तो दरवेळी एल-ओबीसीच असेल असं नाही. जागा दोन-तीनच असल्या की हे आकडे वर्षागणिक उड्या मारतात.

अपंग, संरक्षण दलातील पाल्य आणि अनाथ यांच्या कॉलममध्ये फार खालचे पर्सेंटाइल दिसतात. "गेल्या वर्षी या कॉलेजला ६० ला मिळालं" अशी कुणकुण बहुधा तिथूनच उठते. तो कॉलम तुमचा नसेल तर नजर तिथून काढून घ्या.

कुठल्या फेरीची पीडीएफ घ्यायची? पहिल्या फेरीची आणि शेवटच्या फेरीची, दोन्ही शेजारी ठेवा. पहिल्या फेरीत तुमचा नंबर बसत असेल तर ती जागा भरवशाची. फक्त शेवटच्या फेरीत बसत असेल तर ती आशेची.

यादी बांधणं

एक्सेलमध्ये किंवा वहीत सात रकाने आखा: ब्रँच कोड, कॉलेज, ब्रँच, तुमच्या कॉलमांपैकी सगळ्यात मागचा नंबर पहिल्या फेरीत, तोच शेवटच्या फेरीत, वार्षिक फी, घरापासूनचं अंतर किंवा हॉस्टेल. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली बघा. माहितीपत्रकात डेव्हलपमेंट फी कधी वेगळी दाखवलेली असते.

समजा तुमचा नंबर ९,५०० आहे. ज्यांचा मागचा शेवटचा नंबर ५,००० ते ९,००० आहे असे आठ-दहा पर्याय घ्या. हे हातापलीकडचे, पण भरायला पैसे पडत नाहीत. ९,००० ते १३,००० मधले पंधरा-वीस. खरा सामना इथे आहे. १३,००० ते २५,००० मधले दहा, पण फक्त ते जिथे तुम्ही खरोखर चार वर्षं काढाल. शेवटच्या गटात "असू दे" म्हणून टाकलेलं कॉलेजच पुढे गळ्यात पडतं.

टीएफडब्ल्यूएसच्या जागेला वेगळा कोड असतो, शेवटी टी असलेला. साधा कोड भरला म्हणून टीएफडब्ल्यूएसचा विचार आपोआप होत नाही. एकाच ब्रँचसाठी आधी टी चा कोड आणि लगेच खाली साधा कोड असे दोन पर्याय भरायचे. उलटे भरलेत तर साधी जागा आधी मिळेल आणि फी पूर्ण भरावी लागेल.

क्रम लावणं

यादी झाली की ती कटऑफच्या उतरत्या क्रमाने लावायची नाही. आपल्या आवडीच्या उतरत्या क्रमाने लावायची. यावर सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून वाटप कसं चालतं ते बघा. संगणक मेरिट नंबरप्रमाणे एकेका विद्यार्थ्याचा फॉर्म उघडतो, पहिल्या पर्यायापासून खाली येतो आणि पहिली मोकळी, पात्र जागा देतो. तुम्ही वर न मिळण्याजोगी दहा कॉलेजं टाकलीत म्हणून अकराव्या जागेवरच्या कॉलेजचा तुमचा हक्क एक कणही कमी होत नाही. ते अकराव्या नंबरवर आहे हे तुमच्या मागच्या मुलाच्या उपयोगाचं नसतं. "वर मोठी नावं टाकली की खालचं जातं" ही भीती निराधार आहे.

उलट बाजू मात्र खरी आहे. २०२५-२६ च्या प्रवेशाला चार फेऱ्या झाल्या आणि त्यांत ऑटो-फ्रीझचा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही मिळाला तर तोच, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी. घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. नव्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेत हे तीन आकडे आधी शोधून यादीच्या वर लिहून ठेवा.

त्याचा अर्थ काय, ते सुरक्षित खेळणाऱ्यांनी ऐकावं. भरवशाचं कॉलेज एक नंबरवर टाकलं की पहिल्या फेरीत ते मिळणारच, आणि तिथेच दार बंद. मग दुसऱ्या फेरीत त्याच नंबरवर त्याहून चांगलं सुटलं तरी ते तुमचं नाही. तसंच पहिल्या सहांत गंमत म्हणून टाकलेलं लांबचं कॉलेज. अंबरनाथच्या मुलीला तिसऱ्या फेरीत पाचव्या क्रमांकावरचं सांगली मिळालं आणि घरचे पाठवायला तयार नाहीत, की कॅप संपली. पहिल्या सहांतला प्रत्येक पर्याय घरात मोठ्याने वाचून दाखवा आणि "मिळालं तर जायचं का" हे विचारून घ्या. ज्याला सगळे गप्प बसतात, तो खाली ढकला.

कॉलेज आधी की ब्रँच आधी, याला एक उत्तर नाही. आमचं मत इतकंच, की सगळी कॉम्प्युटरं वर आणि सगळी मेकॅनिकलं खाली अशी यंत्रासारखी यादी लावू नये. दोन-दोन पर्याय समोरासमोर धरा, यातलं एकच मिळणार असेल तर कुठलं, असं विचारत यादी चाळून काढा. चाळीस पर्यायांना साधारण तासभर लागतो.

फॉर्म भरून सेव्ह केला म्हणजे काम झालं नाही. शेवटी कन्फर्म करावा लागतो, आणि कन्फर्म न केलेल्या फॉर्मचा वाटपात विचार होत नाही. कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून घरातल्या दुसऱ्या माणसाकडून कोड ताडून घ्या. ज्याने भरला त्याला स्वतःची चूक दिसत नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोर्टल रांगतं, तेव्हा आदल्या दिवशीच उरकलेलं बरं. लॉगिन आणि ओटीपीचा मोबाइल घरचाच असू द्या. सायबर कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा नंबर टाकला तर फॉर्मची किल्ली त्याच्या खिशात गेली.

जागा मिळाल्यावर

वाटप लागलं आणि मिळालेली जागा ऑटो-फ्रीझमध्ये येत नसेल, तर दोन वाटा असतात. समाधान असेल तर फ्रीझ करून, म्हणजे जागा पक्की करून, कॉलेजला जाऊन प्रवेश घ्या. आणखी वरचं हवं असेल तर सीट ॲक्सेप्टन्सचे १,००० रुपये ऑनलाइन भरून जागा पकडून ठेवा आणि बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची संधी, निवडा. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. नाही मिळाला तर आधीची तुमचीच. पैसे न भरता नुसती वाट बघत राहिलात तर मिळालेली जागा सुटते. मुदत बहुधा दोन-तीन दिवसांची असते, त्यात रविवार आला तरी ऑनलाइन काम चालू असतं.

कॉलेजला जाताना मूळ कागद न्या: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल किंवा राष्ट्रीयत्वाचा पुरावा, सीईटीचं स्कोअरकार्ड, वाटपपत्र, सीट ॲक्सेप्टन्सची पावती, प्रवर्गाचे दाखले. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. फी भरल्यावर कॉलेजने पोर्टलवर तुमचा प्रवेश नोंदवून पावती दिली पाहिजे. ती हातात आल्याशिवाय तिथून निघू नका. कॉलेजची स्वतःची फीची पावती वेगळी आणि पोर्टलवरून निघालेली वेगळी. पोर्टलवरची नसेल तर प्रवेश झालेला नाही.

संस्था स्तरावरच्या म्हणजे बोलीभाषेत मॅनेजमेंटच्या जागांसाठी कॅप चालू असताना कोणी घाई करत असेल तर एक हिशोब करा. शासनाच्या शुल्क सवलती आणि शिष्यवृत्त्या कॅपमधून झालेल्या प्रवेशाला असतात. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, तेही कॅपच्याच जागेवर. तेच कॉलेज, तीच ब्रँच, पण मॅनेजमेंटमधून घेतली तर चारही वर्षांची फी खिशातून.

प्रवेश रद्द करायचा झाला, म्हणजे जेईईवरून दुसरीकडे जागा मिळाली किंवा बेत बदलला, तर कॅपने दिलेल्या अंतिम तारखेच्या आत पोर्टलवरून अर्ज करा. तेव्हा १,००० रुपये कापून बाकीची फी परत मिळते. कॉलेजच्या ऑफिसात तोंडी सांगून ती तारीख गेली तर परतीचा हक्क राहत नाही. अर्ज केल्यावर त्याची प्रत कॉलेजात देऊन पोच घ्या, आणि मूळ शाळा सोडल्याचा दाखला त्याच दिवशी परत मागा. दुसऱ्या कॉलेजला तो लागेल, आणि डुप्लिकेट काढायला शाळेच्या सुट्ट्यांत कोणी भेटत नाही.